अद्भुत कादंबऱ्या आणि त्यांचे उत्तरभाग

गोष्ट संपली म्हणजे ऐकणाराच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो "पुढें काय झालें?" हाच होय. आजीच्या मांडीवर बसलेलें मूल हा प्रश्न विचारतें, आणि पांचशें पानांची कादंबरी मिटून ठेवणारा दहावींतील विद्यार्थीही विचारतो. कादंबऱ्यांचे उत्तरभाग वाचकाच्या ह्याच जिज्ञासेंतून जन्मास येतात. जादूगार, राक्षस, बोलणारे पशु आणि नकाशावर नसलेलीं राज्यें ज्यांत असतात अशा कुमारवाचकांच्या अद्भुत कादंबऱ्या तर हल्लीं क्वचितच एकट्या येतात. एका पुस्तकापाठोपाठ दुसरें व दुसऱ्यापाठोपाठ तिसरें अशी त्यांची रांग लागते. ही रांग पाहून विद्यार्थ्यांस हर्ष होतो आणि पालकांस चिंता पडते. हर्ष कोठें योग्य आणि चिंता कोठें योग्य, हें कांहीं प्रसिद्ध पुस्तकांच्या आधारें ठरविण्याचा प्रयत्न आम्ही येथें करणार आहों.

प्रथम अद्भुताविषयीं दोन शब्द. 'खोटें वाचून काय मिळणार?' असा आक्षेप पुष्कळ वडील माणसें घेतात. परंतु अद्भुत कथा आपल्या वाङ्मयास नवीन नाहींत. सोमदेवानें अकराव्या शतकांत रचलेल्या 'कथासरित्सागरां'त विद्याधर व वेताळ पदोपदीं भेटतात. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या मराठी कादंबरीच्या बाल्यावस्थेंतील कृतीही अद्भुतरम्यच होत्या. शिवाय जादूची गोष्ट वाचणारें मूल जादूवर विश्वास ठेवूं लागतें असें नाहीं. गालिचा उडत नाहीं हें त्यास पक्कें ठाऊक असतें. 'तुझ्या हातीं असें सामर्थ्य आलें तर तूं काय करशील?' हें अशी कथा त्यास विचारीत असते, आणि हा प्रश्न मुळींच खोटा नाहीं. तेव्हां अद्भुत वाचावें कीं नाहीं हा वाद आम्ही बाजूस ठेवतों. किती वाचावें आणि कोठें थांबावें, हा खरा विचाराचा विषय आहे.

उत्तरभागांचा पहिला प्रकार म्हणजे वाचकांच्या आग्रहास्तव लिहिलेल्या पुस्तकांचा. अमेरिकेंतील लेखक एल. फ्रँक बॉम यांचें 'दि वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' हें पुस्तक १९०० सालीं निघालें. वादळानें उडून परक्या देशांत पडलेली डोरोथी, बुद्धि हवी असणारें बुजगावणें, हृदय हवें असणारा पत्र्याचा लांकूडतोड्या आणि धैर्य हवें असणारा सिंह, अशा चौघांचा हा प्रवास आहे. जें शोधावयास ते निघाले तें त्यांच्याच ठायीं होतें असें शेवटीं दिसून येतें, आणि डोरोथी घरीं परतते. कथा येथें पुरी झाली. परंतु मुलांचीं पत्रें येऊं लागलीं, आणि १९०४ सालीं दुसरा भाग निघाला. १९१० पर्यंत सहा भाग झाले. सहाव्या भागाच्या अखेरीस लेखकानें ऑझ देश बाहेरच्या जगास अदृश्य करून टाकला. आतां तेथील वार्ता येणार नाहीं, असा हा वाचकांचा निरोप होता. पुढच्याच वर्षीं लेखकाचें दिवाळें निघालें, आणि १९१३ सालीं सातवा भाग आला! तेथील वार्ता आतां बिनतारी संदेशानें मिळूं लागली, अशी सबब त्यांत दिली आहे. १९१९ सालीं बॉम वारले. त्यांचा चौदावा व शेवटचा भाग १९२० सालीं निघाला. त्यानंतर रूथ प्लम्ली थॉम्सन या बाईंनीं आणखी एकोणीस भाग लिहिले.

या भागांत गंमत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. नवीं पात्रें व नव्या युक्त्या त्यांत भरपूर आहेत. परंतु पहिल्या पुस्तकांत डोरोथीस घराची जी ओढ आहे तीच त्या कथेचा प्राण होय. सहाव्या भागांत तर काका-काकूंसह ती ऑझमध्यें कायमचीच राहावयास जाते. मग ओढ कसली आणि संकट कसलें? ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊं नये, अशी आपल्यांत म्हण आहे. पहिला भाग वाचून जो थांबेल त्याचें मोठें कांहीं बुडालें असें आम्हांस वाटत नाहीं.

यावरून उत्तरभाग नेहमीं हिणकसच असतो असा सिद्धान्त कोणी काढूं नये. विदर्भांतील पद्मपुरच्या भवभूतीनें 'महावीरचरित' लिहून रामकथा राज्याभिषेकापर्यंत आणिली आणि नंतर 'उत्तररामचरित' लिहिलें. यांपैकीं दुसऱ्याच नाटकानें त्याची कीर्ति अमर केली, असें रसिक परंपरेनें मानीत आले आहेत. राज्याभिषेक हा सुखाचा शेवट दिसतो खरा, परंतु सीतेच्या त्यागाचें दुःख त्याच्या पुढेंच उभें आहे. जेथें असें कांहीं सांगावयाचें उरलेलें असतें तेथें उत्तरभागास स्वतःचा अधिकार असतो.

अशा अधिकाराचें इंग्रजींतील उत्तम उदाहरण म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन यांचीं पुस्तकें. त्यांच्या 'दि हॉबिट' या कथेचें हस्तलिखित प्रकाशक स्टॅन्ले अनविन यांनीं १९३६ सालीं आपल्या दहा वर्षांच्या मुलास, रेनर यास, वाचावयास दिलें. मुलानें थोडक्यांत अनुकूल अभिप्राय लिहिला, एक शिलिंग मेहनताना घेतला, आणि १९३७ सालीं पुस्तक छापून निघालें. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें लक्षांत ठेवावें: दहा वर्षांच्या वाचकाचें सरळ, प्रामाणिक मतही कवडीमोलाचें नसतें. पुस्तक खपलें, प्रकाशकानें पुढील भाग मागितला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत टॉल्किन यांनीं तो लिहावयास घेतला. परंतु 'दि लॉर्ड ऑफ दि रिंग्ज' हा ग्रंथ तीन खंडांत बाहेर पडण्यास १९५४ व १९५५ हीं वर्षें उजाडलीं.

इतका विलंब कां लागला? पहिल्या पुस्तकांत बिल्बो यास एक अंगठी सांपडते. ती घातली कीं मनुष्य दिसेनासा होतो. तेथें ती एक सोयीची वस्तु आहे, एवढेंच. पुढील भागाचा विचार करतांना लेखकानें स्वतःस विचारलें कीं, ही अंगठी मूळची कोणाची आणि ती बाळगणाराचें काय होतें? उत्तर शोधतां शोधतां मुलांच्या प्रवासकथेंतून मोहाची व त्यागाची एक गंभीर कथा निर्माण झाली. इतकेंच नव्हे, तर तिच्यासाठीं पहिलें पुस्तकही दुरुस्त करावें लागलें. १९३७ च्या आवृत्तींत गॉलम हा प्राणी कोड्यांच्या पैजेवर अंगठी आपण होऊन लावतो, आणि हरल्यावर बिल्बोस वाट दाखवितो. १९५१ च्या आवृत्तींत हें प्रकरण बदललें. आतां अंगठी गेल्याचें कळतांच गॉलम संतापानें वेडा होतो. जुना वृत्तान्तही लेखकानें फुकट जाऊं दिला नाहीं. तो बिल्बोनें सांगितलेला खोटा वृत्तान्त होता, आणि त्यास खोटें बोलावयास लावणें हा अंगठीचाच पहिला दुष्परिणाम होता, असा त्याचा उलगडा त्यांनीं केला. उत्तरभाग वाचून पूर्वभाग अधिक खोल वाटूं लागतो तो असा. मात्र हा ग्रंथ मोठा आहे व आरंभीं संथ आहे. 'हॉबिट' आवडलेल्या अकरा वर्षांच्या मुलानें तो मध्येंच ठेवून दिला तर त्यास कोणी हिणवूं नये. दोनतीन वर्षांनीं तोच मुलगा तो पुनः उघडील.

तिसरा प्रकार आरंभापासूनच योजून लिहिलेल्या मालेचा. जे. के. रोलिंग यांचीं हॅरी पॉटरचीं सात पुस्तकें १९९७ पासून २००७ पर्यंत निघालीं. मराठींतही त्यांचीं भाषांतरें झालीं आहेत. नायकाच्या आयुष्यांतील साधारण एक वर्ष म्हणजे एक भाग, अशी त्यांची रचना आहे. जो अकराव्या वर्षीं शाळेंत येतो तो अखेरच्या भागांत सतरा वर्षांचा झालेला असतो, आणि त्याजबरोबर पुस्तकाचा सूरही गंभीर होत जातो. पहिल्या भागांतील किरकोळ गोष्टी पुढें महत्त्वाच्या ठरतात. ही वीण कौतुकास्पद आहे. दोष सांगावयाचा तर विस्ताराचा सांगतां येईल. पहिला भाग मूळ इंग्रजी आवृत्तींत २२३ पानांचा होता, तर पांचवा ७६६ पानांचा झाला. नायकाचा त्रागा व शाळेंतील कलागती यांची पानें थोडीं कमी असतीं तर त्या भागांतील दुःखाचा प्रसंग अधिक जिव्हारीं लागला असता, असें आमचें मत आहे. तथापि सातव्या भागांत लेखिकेनें आरंभींच्या वचनांची फेड केली आहे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे.

चौथा प्रकार आम्हांस सर्वांत विचारणीय वाटतो. अर्सुला ले ग्विन (१९२९–२०१८) या अमेरिकन लेखिकेनें 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी १९६८ सालीं लिहिली. बकऱ्या राखणारा गेड नांवाचा मुलगा जादूच्या विद्यालयांत जातो, आणि एका सहाध्यायाशीं ईर्षेनें पैज मारून मृतात्म्यास बोलावतो. त्याबरोबर एक काळी छायाही जगांत येते व त्याच्या मागें लागते. त्या छायेचें नांव काय, हें आम्ही येथें सांगणार नाहीं. तें ज्याचें त्यानें वाचून शोधावें. १९७१ व १९७२ सालीं पुढील दोन भाग निघाले. दुसऱ्यांत अंधाऱ्या थडग्यांची पूजारीण म्हणून वाढविलेली तेनार ही मुलगी मुख्य आहे, तर तिसऱ्यांत प्रौढ गेड एका तरुण राजपुत्रास घेऊन मृत्यूच्या प्रदेशांत जातो व आपलें सर्व सामर्थ्य तेथें खर्ची घालतो. कथा पुरी झाली असें सर्वांस वाटलें.

परंतु अठरा वर्षांनीं, १९९० सालीं, 'तेहानू' हा चौथा भाग आला. त्यांत तेनार ही शेती पाहणारी मध्यमवयीन विधवा आहे, गेड सामर्थ्य गमावलेला साधा मनुष्य आहे, आणि त्यांच्या आश्रयास माणसांनींच जाळून विद्रूप केलेली एक लहान मुलगी आहे. जादूगारांचीं द्वंद्वें जवळजवळ नाहींत. चूल, धुणें, शेळ्या आणि भीति आहे. साहसाची अपेक्षा करणारे पुष्कळ वाचक नाराज झाले. आम्ही मात्र या पुस्तकाचा पक्ष घेतों. पहिल्या भागांतील विद्यालयांत फक्त मुलगे शिकतात, आणि बायकांची जादू हलकी असें तेथील लोक सहज बोलून जातात. आपणच निर्मिलेल्या जगांत कोणावर अन्याय झाला, हें वृद्धत्वाकडे झुकलेल्या लेखिकेनें परत येऊन पाहिलें. असें धैर्य थोड्यांच ठायीं असतें. तथापि मुलांवरील क्रौर्य यांत असल्यामुळें हें पुस्तक लहान विद्यार्थ्यांच्या हातीं देऊं नये; सोळा-सतरा वर्षांच्या वाचकानें अवश्य वाचावें. या भागास 'अखेरचें पुस्तक' असें उपनाम होतें, आणि तरी २००१ सालीं आणखी दोन निघालीं, हें वाचून विद्यार्थ्यांस हसूं येईल!

मालिका कोणत्या क्रमानें वाचावी, असाही प्रश्न वारंवार येतो. सी. एस. लुइस यांच्या नार्नियाच्या सात कथा १९५० ते १९५६ या काळांत निघाल्या. त्या जगाची उत्पत्ति सांगणारी 'दि मॅजिशियन्स नेफ्यू' ही कथा सहावी, म्हणजे १९५५ सालीं, आली. परंतु पुढील आवृत्त्यांत तिला पहिला क्रमांक मिळाला. आमच्या मतें लिहिल्या क्रमानेंच वाचणें बरें. कपाटाचें दार उघडून बर्फांत पाऊल टाकणाऱ्या मुलीचें आश्चर्य आपलेंही व्हावयाचें असेल, तर त्या कपाटाचा इतिहास आधीं ठाऊक नसावा.

आतां विद्यार्थ्यांनीं उत्तरभागाची पारख कशी करावी? तीन प्रश्न विचारावे. पूर्वभागांत खरोखर कांहीं अनुत्तरित राहिलें होतें काय? पात्रें अनुभवानें बदललीं, कीं पूर्वीचेच खेळ पुनः खेळत आहेत? आणि दुसरें पुस्तक वाचल्यावर पहिलें अधिक समजलें काय? पहिला भाग संपतांच दुसऱ्यावर झडप घालूं नये. आठ दिवस थांबावें, 'पुढें काय व्हावें' हें आपल्या वहींत लिहावें, आणि मग लेखकानें काय केलें तें पाहावें. ज्यास वहींत लिहिण्यासारखें कांहींच सुचत नाहीं त्यास बहुधा पुढील भागाची गरजही नसते. न आवडलेला भाग अर्धा टाकून देण्याचा अधिकार वाचकास आहे. मात्र कां आवडला नाहीं, हें दोन वाक्यांत सांगतां आलें पाहिजे.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, त्यांनीं पुस्तक हिरावून घेण्यापूर्वीं त्यांतील एक तरी प्रकरण स्वतः वाचावें, आणि रात्रीं जेवतांना मुलास विचारावें, "मग पुढें काय झालें?" मूल मन लावून सांगूं लागलें तर तें पुस्तक त्याच्या कामास आलें असें समजावें. नुसते 'छान आहे' असे शब्द आले, तर पुढील भाग विकत आणण्याची घाई करूं नये. शाळेच्या ग्रंथालयांत तो असेलच. आणि नसला, तर तोंवर पहिलाच भाग पुनः वाचावा. चांगलें पुस्तक दुसऱ्यांदां वाचणें हाही एक उत्तरभागच आहे, आणि त्यास पैसे पडत नाहींत.