चॅरिटी रन: शुल्क किती, देणगी किती?

नवरात्र सरली की ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रविवारच्या धावांची आमंत्रणं फिरू लागतात. कुठे कर्करोगाच्या रुग्णांसाठी, कुठे विशेष मुलांच्या शाळेसाठी. अंतर तीन किंवा पाच किलोमीटर. टी-शर्ट, पदक, नाश्ता मिळणार. अशा उपक्रमांना जरूर जावं. घरचे सगळे एकत्र घराबाहेर पडतात आणि चार ओळखी होतात. मात्र नावनोंदणीचं शुल्क म्हणजे देणगी नव्हे, हे पैसे भरण्यापूर्वीच लक्षात घ्यायला हवं.

शुल्कात काय येतं?

तीन ते पाच किलोमीटरच्या हौशी धावेला साधारण ३०० ते ७०० रुपये पडतात, दहा किलोमीटरला त्याहून जास्त. लवकर नोंदणी केली किंवा दहा-वीस जणांचा गट केला, तर बहुतेक ठिकाणी सवलत मिळते. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर कर आणि पेमेंट गेटवेचा आकार वाढतो का, ते पाहून घ्या.

या रकमेतून टी-शर्ट, पदक, बिब (छातीवर लावायचा क्रमांक), पाणी, केळी, मंडप, ध्वनिक्षेपक, रुग्णवाहिका असा सगळा खर्च भागवायचा असतो. प्रायोजक भक्कम असेल तर शुल्कातला मोठा वाटा संस्थेला देता येतो. नसेल तर फारसं काही उरत नाही. म्हणून आयोजकांना तीन प्रश्न विचारा. प्रत्येक शुल्कातले किती रुपये संस्थेला जाणार? संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक काय? जमा-खर्च कधी जाहीर करणार? प्रामाणिक आयोजकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

डोंबिवलीच्या एका घराचा हिशेब

उदाहरण म्हणून आई, बाबा आणि चौदा वर्षांची मुलगी ठाण्यात कोलशेतच्या बाजूला एका उद्यानातल्या धावेला जाणार आहेत, असं समजू.

- शुल्क: मोठ्यांचे ५०० प्रमाणे १,०००, मुलीचे ३००, एकूण १,३०० रुपये
- गेटवे वगैरे: ५० रुपये
- आदल्या दिवशी बिब आणायला एकाची फेरी: लोकल २०, रिक्षा जाऊन-येऊन २२०, एकूण २४० रुपये
- धावेच्या दिवशी तिघांचा प्रवास: लोकल ६०, रिक्षा २२०, एकूण २८० रुपये
- येताना स्टेशनजवळ नाश्ता: २०० रुपये

बेरीज २,०७० रुपये. आयोजकांनी शुल्काच्या २० टक्के रक्कम संस्थेला दिली, तर गरजूंपर्यंत पोचले २६० रुपये. बाकीचे पैसे वाया गेले असं नाही, सकाळ छान गेली. पण ती आपली सहल होती. देणगी २६० रुपयांचीच झाली, हे मनाशी स्पष्ट असावं.

हा खर्च कमी करणं सोपं आहे. इमारतीतल्या सगळ्यांचे बिब एकानेच आणावेत. त्यासाठी ओळखपत्राची प्रत आणि संमतीचा मेसेज लागतो का, ते आधी विचारा. टी-शर्ट नको असेल तर त्याशिवायची नोंदणी आहे का, ते पाहा. हौशी धावेत वेळ मोजणाऱ्या चिपसाठी जादा पैसे देण्याचं कारण नाही. रविवारी मेगाब्लॉक असतो, त्यामुळे परतीच्या गाड्या आदल्या दिवशीच बघून ठेवा.

बूट आणि सराव

तीन किलोमीटरसाठी नवे बूट घेण्याची गरज नाही. टाचेला आधार देणारे, पायाला सवयीचे झालेले बूट पुरतात. पुढेही धावायचं असेल, तर दीड ते तीन हजारांत कामचलाऊ जोड मिळतो. तो धावेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, पायाला फोड येतात. सरावासाठी ठाण्यात कचराळी तलाव, उपवन, मासुंदा. डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडासंकुल. कल्याणात काळा तलाव आहेच. ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम खूप जातो, तेव्हा पाण्याची बाटली आणि ओआरएसची पुडी जवळ ठेवा. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

देणगी द्यायची तर

ती शुल्कापासून वेगळी, थेट संस्थेच्या खात्यात द्या आणि स्वतःच्या नावाची पावती घ्या. एखाद्या व्यक्तीच्या खाजगी खात्याचा क्यूआर कोड आला, तर तिथेच थांबा. सार्वजनिक न्यासांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. नोंदणी नसलेल्या गटालाही निधी गोळा करण्यासाठी त्यांची परवानगी लागते. गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच. ती मागून बघण्यात संकोच नको.

करसवलतीबद्दल गैरसमज फार आहेत. ज्याला सगळे ८०जी म्हणतात, ती सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते आणि बहुतेक संस्थांच्या बाबतीत ती देणगीच्या निम्म्या रकमेवर असते. दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही. संस्थेला पॅन क्रमांक द्या आणि वर्ष संपल्यावर देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. टी-शर्ट-नाश्त्याच्या बदल्यात दिलेलं शुल्क देणगी म्हणून दाखवू नका.

मोठ्या धावा

ठाणे महापालिकेची वर्षा मॅरेथॉन ऑगस्टमध्ये असते. काही वर्षांच्या खंडानंतर २०२५ मध्ये ती पुन्हा झाली. २००४ मध्ये सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. तिथे संस्थांसाठी निधी उभारण्याची वेगळी व्यवस्था आहे. संस्थांमार्फत मिळणारे चॅरिटी बिब महाग असतात, कारण त्यात देणगी धरलेली असते. त्या पहाटेसाठी मध्य रेल्वेने अलीकडे कल्याणहून खास लोकलही सोडली आहे.

शुल्क न घेताही धाव होऊ शकते. कॅनडाच्या टेरी फॉक्स या तरुणाने १९८० मध्ये कृत्रिम पायावर धावत कर्करोग संशोधनासाठी निधी जमवला. १९८१ पासून दर सप्टेंबरमध्ये तिथे त्याच्या नावाने धाव होते. तिला प्रवेश शुल्क नाही, बक्षीस नाही. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यायचं. आपल्या सोसायटीलाही हे जमण्यासारखं आहे: सकाळी कचराळीला चार फेऱ्या, आणि प्रत्येक घराने ठरवलेली रक्कम थेट संस्थेला.

तक्रार असेल तर

बहुतेक नोंदण्यांत शुल्क परत मिळत नाही आणि बिब दुसऱ्याला देता येत नाही. धाव रद्द झाली किंवा पुढे गेली तर काय, ही अट आधी वाचा आणि तिचा स्क्रीनशॉट ठेवा. कबूल केलेलं मिळालं नाही, तर आधी आयोजकांना लेखी कळवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा.

धाव संपल्यावर महिन्याभराने आयोजकांना पुन्हा विचारा: संस्थेला नेमके किती पैसे दिले? मिळालेला आकडा आमंत्रण आलेल्या त्याच ग्रुपवर टाका. जो आयोजक हिशेब देतो, त्याच्याकडे पुढच्या वर्षी शेजाऱ्यांनाही घेऊन जा.