खुल्या जागेतील ध्वनिक्षेपण : निवड आणि मांडणी

सभा असो, कीर्तन असो, नाट्यप्रयोग असो वा गणेशोत्सवातील व्याख्यान. उच्चारलेला शब्द स्पष्ट ऐकू यावा, ही श्रोत्यांची पहिली अपेक्षा असते. व्यवहारात मात्र पुढच्या रांगेतील मंडळी कानांवर हात ठेवतात, मागच्यांना शब्द उमगत नाहीत आणि कुंपणापलीकडच्या घरातील रुग्णाला किंवा परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या मुलाला नको असताना सारे ऐकावे लागते. हा दोष बहुधा यंत्राच्या दुबळेपणाचा नसतो, मांडणीचा असतो.

भोपाळमधील चार इमली हा भाग या दृष्टीने उद्बोधक आहे. नावातच चार चिंचा बाळगणारी ही वसाहत मंत्री व वरिष्ठ अधिकारी यांच्या शासकीय निवासस्थानांसाठी ओळखली जाते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि तिच्याबरोबर अनेक मराठी कर्मचारी कुटुंबेही त्या शहरात आली. उत्सव हवा आणि शेजारही निवांत हवा, या दोन्ही गरजा अशा निवासी भागात एकत्र येतात.

कायद्याची चौकट स्पष्ट आहे. मध्य प्रदेशात १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियम आहे. देशभर २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम लागू आहेत. निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत खुल्या जागी त्याचा वापर करता येत नाही. सणासमारंभांसाठी राज्य शासन देऊ शकते ती सवलत वर्षातील पंधरा दिवसांपुरती व मध्यरात्रीपर्यंतचीच. कार्यक्रमस्थळाच्या सीमेवर आवाज त्या भागाच्या मर्यादेहून १० डेसिबलपेक्षा अधिक नसावा, म्हणजे निवासी भागात दिवसा ६५. मध्य प्रदेश शासनाने १३ डिसेंबर २०२३ रोजी या नियमांच्या कडक अंमलबजावणीचा आदेश काढला.

आता प्रश्न असा की, सीमेवर ६५ आणि शेवटच्या रांगेत ऐकू येण्याजोगा आवाज, ही सांगड कशी घालावी? खुल्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. समजा, शेवटची रांग रंगमंचापासून ३२ मीटरवर आहे व कुंपण ४० मीटरवर. गर्दीच्या कुजबुजीतून भाषण समजण्यासाठी शेवटच्या रांगेत ७० डेसिबल धरले, तर केवळ रंगमंचावरील ध्वनिक्षेपकांनी ते साधताना ४ मीटरवर ८८ डेसिबल होतात आणि कुंपणाशी ६८ उरतात. पुढचे श्रोते त्रस्त आणि नियमाचाही भंग.

याउलट, प्रत्येक छोटा ध्वनिक्षेपक फक्त आठ मीटरपुरता जबाबदार ठेवला आणि त्यांच्या रांगा मैदानात पुढेपर्यंत लावल्या, तर २४ मीटरवरील शेवटच्या रांगेचा आवाज ३२ मीटरवर ७० आणि कुंपणाशी ६४ राहतो. इतर रांगांची भर पडून आकडा थोडा चढतो. म्हणून मागील रांगेची तोंडे श्रोत्यांकडे खाली झुकवावीत, म्हणजे कुंपणाकडे जाणारा आवाज कमी होतो. जागा निवडण्याचे स्वातंत्र्य असेल तर रंगमंचाची पाठ घरांकडे ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वॅटचा आकडा भाड्याने सामान देणाऱ्यांच्या तोंडी फार असतो. तो विद्युतशक्तीचा आकडा आहे, आवाजाचा नव्हे. शक्ती दुप्पट केल्याने केवळ ३ डेसिबल वाढतात. त्याऐवजी एक वॅटवर एक मीटर अंतरावर ध्वनिक्षेपक किती डेसिबल देतो हे विचारावे. भोंगा थोड्या शक्तीत दूरवर पोचतो, परंतु खालचे स्वर गाळून टाकतो. घोषणेला तो ठीक, तबला-पेटीला निरुपयोगी. व्याख्यानासाठी उभा स्तंभाकृती ध्वनिक्षेपक उत्तम, कारण त्याचा आवाज आडवा पसरतो व वरखाली कमी सांडतो. संगीतासाठी खालच्या स्वरांचे स्वतंत्र पेटीवजा ध्वनिक्षेपक लागतात. त्यांचा घुमणारा आवाज भिंतींनाही फारसा अडत नाही, हे वसाहतीत विसरू नये.

ध्वनिक्षेपक श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर असावेत. खुर्च्यांच्या पातळीवर ठेवल्यास पहिल्या दोन रांगांची शरीरेच आवाज शोषून घेतात. मायक्रोफोन त्यांच्या मागे राहील असे पाहावे, म्हणजे शीळ घुमत नाही. मागील रांगांना विलंब देणे आवश्यक आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणून २४ मीटर जाण्यास त्याला सुमारे ७० मिलिसेकंद लागतात. विलंब न दिल्यास मागच्या श्रोत्याला जवळचा आवाज आधी व रंगमंचाचा नंतर असे प्रत्येक अक्षर दोनदा ऐकू येते. मोजलेल्या विलंबात दहा-पंधरा मिलिसेकंद अधिक दिल्यास शब्द वक्त्याच्याच तोंडून येत असल्याचे भासते.

तारांच्या जोडणीत एक चूक वारंवार आढळते. आठ ओहमचे दोन ध्वनिक्षेपक समांतर जोडल्यास भार चार ओहम होतो, चार जोडल्यास दोन. अॅम्प्लिफायर त्यासाठी बनलेला नसेल तर तापून बंद पडतो. लांब अंतरासाठी १०० व्होल्टची लाइन व प्रत्येक ध्वनिक्षेपकावर ट्रान्सफॉर्मर अशी रचना असावी. भूयोजन नीट असल्याची खात्री विद्युत तंत्रज्ञाकडून करून घ्यावी.

चाचणीच्या वेळी ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ एवढ्यावर काम भागत नाही. एकाने वर्तमानपत्रातील उतारा वाचावा, दुसऱ्याने शेवटच्या रांगेपर्यंत व नंतर कुंपणापर्यंत चालत जाऊन ध्वनिमापकावरील आकडा पाहावा. ही चाचणी दुपारी नव्हे, कार्यक्रमाच्याच वेळी घ्यावी. विशेषतः हिवाळ्यात, कारण जमिनीलगतची हवा थंड झाली की ध्वनी खाली वळतो आणि दिवसा न पोचणारा आवाज रात्री दूरच्या घरांत पोचतो.