प्रत्येक दिव्याला खळं

ओतूरहून निघालेली गाडी रात्री नऊच्या सुमारास माळशेज घाटात शिरली तेव्हा स्टिअरिंगवर प्रस्तुत लेखक होता. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेले. दूरचं लख्ख, पेपर चष्म्याशिवाय वाचता येत होता, स्वारी खुशीत. तेवढ्यात समोरून ट्रक आला आणि त्याच्या दोन्ही दिव्यांना पावसाळी चंद्राला पडतं तसं खळं पडलं. एकात एक चार-पाच कडी. मागून टेम्पो आला, त्यालाही खळं. वळण कुठलं नि कठडा कुठला, कळेना. लेखकाने गाडी कडेला घेतली, बायकोला स्टिअरिंगवर बसवलं आणि कल्याणपर्यंतचा रस्ता डोळे मिटून काढला.

ऑपरेशन बिघडलं नव्हतं. डॉक्टरांचा हात सफाईदार, लेन्स जागच्या जागी. चुकलं होतं ते आधीच, काउन्सेलिंगच्या टेबलावर. तिथे लेन्सचा तक्ता पुढे सरकवला गेला: बेसिक, प्रीमियम, त्याहून प्रीमियम. शेजारी किमती. लेखकाने विचारलेला एकमेव प्रश्न असा होता, ‘यातली सगळ्यात चांगली कुठली?’ साडी घेतानाही माणूस कापड बोटांत चुरगळून बघतो. इथे जन्मभर डोळ्यात राहणारी वस्तू निव्वळ भावावरून ठरली.

निवडलेली लेन्स दोन अंतरांची मल्टिफोकल होती. अशा लेन्सच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म वर्तुळाकार पायऱ्या असतात आणि त्या प्रकाशाची वाटणी करतात. समसमान वाटणीच्या लेन्समध्ये सुमारे ४१ टक्के प्रकाश दूरच्या प्रतिमेला, तितकाच जवळच्या. उरलेला वाया जातो. म्हणजे ट्रकचा दिवा स्पष्ट दिसत असतानाच त्याची जवळच्या अंतरासाठीची धूसर प्रतिमा त्याच्याभोवती पसरते. तेच ते खळं. मंद उजेडात करड्यावरचं करडं ओळखणंही जड जातं. बऱ्याच जणांचा मेंदू काही महिन्यांत या कड्यांकडे काणाडोळा करायला शिकतो. लेखकाचाही थोडाफार शिकला, पण घाटातल्या रात्रीपुरता तो अजून कच्चाच आहे.

लेन्सच्या भौतिक गुणांचा हिशेब चुकला की काय होतं, याचं उदाहरण कृत्रिम लेन्सच्या जन्मातच आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे पर्स्पेक्सचे कण घुसले. डोळ्याने ते मुकाट सोसल्याचं नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांनी पाहिलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांनी ४५ वर्षांच्या एका बाईच्या डोळ्यात त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग बसवलं. भिंगाचा बाक नैसर्गिक भिंगाबरहुकूम होता. पण नैसर्गिक भिंगाचा अपवर्तनांक सुमारे १.४२ आणि पर्स्पेक्सचा १.४९! भिंग फार ताकदवान ठरलं आणि बाईंना उणे अठराच्या आसपास नंबर लागला. वजनही शंभर मिलिग्रॅमच्या वर. आजची लेन्स साधारण वीस मिलिग्रॅमची असते.

ते प्लॅस्टिक म्हणजेच पीएमएमए. त्याची घडी होत नाही, म्हणून डोळ्याला सहा मिलिमीटरच्या आसपास छेद द्यावा लागतो. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने १९९२ पासून या लेन्स भारतात बनवून त्यांची किंमत गरिबाच्या आवाक्यात आणली. तक्त्यात ती तळाला असते म्हणून कुणी नाक मुरडू नये. लेखकाच्या आईच्या डोळ्यात शिबिरात बसवलेली हीच लेन्स आहे आणि नव्वदीला टेकलेली आई अजून तांदळातले खडे वेचते.

घडीची लेन्स दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून आत जाते. तिच्या जाती मात्र वेगवेगळ्या. हायड्रोफोबिक अॅक्रिलिक जवळजवळ पाणी धरत नाही. काही प्रकारांचा अपवर्तनांक १.५५ पर्यंत असतो, त्यामुळे लेन्स पातळ होते. पण त्याची किंमतही मोजावी लागते. प्रकाशाचे रंग किती फाकतात ते सांगणारा आबे अंक नैसर्गिक भिंगाचा ४७, पीएमएमएचा ५८, तर या १.५५ वाल्यांतल्या एका प्रसिद्ध लेन्सचा ३७. अंक जितका कमी, तितके रंग अधिक फाकतात. चपट्या पृष्ठभागामुळे डोळा मांजरासारखा चमकल्याचं फोटोत दिसतं, ते वेगळंच. काही हायड्रोफोबिक लेन्समध्ये कालांतराने पाण्याचे चमचमते सूक्ष्म थेंबही साचतात. बहुतेकांना ते जाणवत नाहीत.

हायड्रोफिलिक अॅक्रिलिक पाणी धरतं, अनेकदा पंचवीस टक्क्यांच्या आसपास. लवचिक असल्याने ते अरुंद छेदातून सहज उतरतं. पुढे कॉर्नियाच्या किंवा पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात हवा वा वायू भरावा लागला, तर मात्र अशा लेन्सवर कॅल्शियम साचून ती दुधाळ होण्याचा धोका असतो. सिलिकॉनच्या लेन्सची तऱ्हा तिसरी. पडद्याच्या ऑपरेशनात वापरतात ते सिलिकॉन तेल तिला चिकटून बसतं. म्हणून जुना मधुमेह किंवा मोठा मायनस नंबर असेल तर तो डॉक्टरांना लेन्स ठरवण्याआधी सांगायचा, टेबलावर झोपल्यावर नव्हे.

लेन्सची कडही विचारून घ्यावी. लेन्स डोळ्यातल्या ज्या पिशवीत बसते तिच्या मागच्या भागावर चौकोनी, धारदार कड पेशी सरकू देत नाही आणि पुन्हा धूसर होण्याचं प्रमाण घटतं. सिलिंडर नंबरासाठीची टोरिक लेन्स घेणाऱ्याने तर कोन लक्षात ठेवावा. ती एक अंश फिरली की सुमारे ३.३ टक्के परिणाम जातो. तीस अंश फिरली की घेतली न घेतली सारखीच.

लेखकाला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट अशी. मल्टिफोकल सोसवेना तर ती काढून दुसरी बसवता येते, पण मागची पिशवी शाबूत असेपर्यंत ते त्यातल्या त्यात सोपं. एकदा ती धूसर झाली म्हणून याग लेसरने तिला भोक पाडलं की अदलाबदल बरीच जोखमीची होते. खळ्यांची तक्रार घेऊन गेलेल्याला कुणी ‘लेसर मारून बघू’ म्हटलं, तर लेन्स बदलायची की नाही ते आधी ठरवून टाकावं.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी लेखक वही घेऊन गेला. रात्री गाडी चालवतो, मुद्रितं तपासतो, वडिलांना मधुमेह होता, सारं सांगितलं. पहिल्या लेन्सचं कार्ड सोबत नेलं. मॉडेल, क्रमांक आणि ताकद त्यावर असते. त्यावरचा ‘+२१.५’ हा चष्म्याचा नंबर नव्हे, हे या वयात कळलं. डोळ्याची लांबी दोनदा मोजून घेतली, कारण तिथे एक मिलिमीटर चुकला तर नंबर अडीच-पावणेतीनने चुकतो. निवडली एका अंतराची, चौकोनी कडेची हायड्रोफोबिक. तक्त्यात खालून दुसरी.

मुद्रितांसाठी चष्मा परत आला आहे. परवा माळशेजला लेखकाने शेजारच्या सीटवरून समोरच्या दिव्यांकडे आधी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. डाव्या डोळ्याला ट्रकचे दोन दिवे दिसले, उजव्याला दोन खळी. ‘चाळे पुरे,’ बायको म्हणाली आणि तिने गिअर बदलला.