पश्चात्तापाचें माप

पाठ : लूक १९:१-१०, लेवीय ६:१-७



राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मधले रविवार वगळून, ४० दिवस होतात. प्रभूनें अरण्यांत केलेल्या उपासाचें स्मरण करून ख्रिस्ती मंडळी ह्या काळांत आत्मपरीक्षण करीत आली आहे. कोणी मांस वर्ज्य करितो, कोणी एक वेळ जेवतो, कोणी प्रार्थनेंत अश्रु ढाळतो. हें सर्व चांगलें. पण पश्चात्ताप एवढ्यानें पुरा होतो काय? यरीहोच्या जक्कयाकडून आपण हें शिकूं.

१. प्रभु आधीं येतो. जक्कय मुख्य जकातदार व धनवान होता. जकातदार ठरल्याहून अधिक घेत, म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानें त्यांस तसें न करण्याविषयीं बजावलें होतें (लूक ३:१२, १३). अशा मनुष्यास प्रभूनें उंबराखालीं उभें राहून नांवानें हाक मारिली व त्याच्या घरीं उतरण्याचें ठरविलें. तोंवर जक्कयानें एक पैही परत केली नव्हती. तारण विकत मिळत नाहीं. परंतु ज्याच्या घरीं प्रभु उतरतो त्याच्या तिजोरीचें कुलूप उघडल्यावांचून राहत नाहीं.

२. जक्कयाचें माप. शेजाऱ्यास फसवून मग दोष कबूल करणाऱ्यानें मूळ वस्तु व वर तिचा पांचवा हिस्सा धन्यास द्यावा, असें नियमशास्त्र होतें (लेवीय ६:५, गणना ५:७). म्हणजे १०० रुपयांबद्दल १२०. पण मेंढरूं चोरून ज्यानें कापलें किंवा विकलें, त्यास एकाबद्दल चार भरावीं लागत (निर्गम २२:१). जक्कयानें चौपट देऊं केलें. हलकें माप मोकळें असतां त्यानें चोराचें माप स्वतःस लाविलें. आपण मात्र "चुकून झालें", "सर्वच घेतात" असें म्हणून आपलें माप हलकें करितों.

३. क्रम. आधीं धन्याची वस्तु धन्यास, मग परमेश्वरास दोषार्पण, असा लेवीयाच्या पाठांतील क्रम आहे. प्रभूनेंही अर्पण वेदीपुढें ठेवून आधीं भावाशीं समेट करावयास सांगितलें (मत्तय ५:२३, २४). बांध कोरून शेजाऱ्याची हातभर जमीन घेतली असेल, तर मंदिरांतील दानानें ती परत जात नाहीं. बुडविलेली मजुरी उपासानें फिटत नाहीं. धनी मेला व वारसही उरला नाहीं, तरी नियमशास्त्र सुटका देत नाहीं. तें देणें परमेश्वराकडे जातें (गणना ५:८).

एकांतांत विचारावयाचे प्रश्न

१. माझ्या घरांत, शेतांत किंवा हिशेबांत दुसऱ्याचें असें काय आहे?
२. बहिणीच्या वांट्याच्या कागदावर मीं सही घेतली, ती तिच्या राजीखुशीनें कीं भिडेनें?
३. कोणाच्या नांवाला मीं बट्टा लाविला? ज्यांच्यापुढें तें बोललों, त्यांच्यापुढें तें मागें घेतलें काय?

एखाद्या प्रश्नाशीं मन अडखळलें, तर तेथेंच थांबा. ईस्टरच्या आधीं त्या एका दारीं जा. जातांना पाय जड होतील, आणि कदाचित् समोरचा मनुष्य क्षमाही करणार नाहीं. तरी आपलें देणें आपण द्यावें.

हे प्रभो, तूं आमच्या घरीं ये, आणि जें आमचें नाहीं तें परत करण्याचें धैर्य आम्हांस दे. आमेन.