ड्यूटी आणि प्रार्थनापुस्तक

प्रिय बाळ,


तुझं पत्र मिळालं. वाशीमच्या दवाखान्यात बदलत्या पाळ्यांची ड्यूटी, खोलीत आणखी तिघी, कुणाचा फोन तर कुणाचा कुकर. यात सकाळ-संध्याकाळची प्रार्थना बसवायची कशी, असं तू विचारतेस. शिवाय मैत्रिणी म्हणतात, पुस्तकातली प्रार्थना मनातली नसते. हा दुसरा प्रश्न आधी घेते. तो सुटला की पहिला निम्मा सुटतो.

तुझ्या मैत्रिणी नाझरीन मंडळीत वाढल्या आहेत. त्या आपल्या शब्दांत प्रार्थना करतात, आणि मनापासून करतात. त्यांचा मान राख. डॉ. ऑर्फा स्पायकर 1936 साली भारतात आल्या आणि 1938 साली वाशीमला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, ते याच मंडळीचं काम. पण ही मंडळी ज्या जॉन वेस्लीचा वारसा सांगते, तो मरेपर्यंत अँग्लिकन पाळकच होता. अमेरिकेतल्या आपल्या मेथडिस्ट अनुयायांसाठी 1784 साली त्यानं उपासनेचं पुस्तक तयार करून पाठवलं आणि सोबत कळवलं की रविवारी हे पुस्तक वापरा, बुधवारी-शुक्रवारी लितानी, म्हणजे ठरलेल्या विनंत्यांची प्रार्थना, वाचा, इतर दिवशी उत्स्फूर्त प्रार्थना करा. त्याला दोन्ही हवं होतं. मलाही हवं आहे.

नेमलेले शब्द दमलेल्या माणसासाठी असतात, असं माझं ठाम मत आहे. वॉर्डात एखादा पेशंट डोळ्यांदेखत गेला की देवाशी काय बोलावं ते सुचत नाही. अशा वेळी मनात शोधत बसलीस तर रिकामी उठशील. तुझ्या गल्लीत कुठे संध्याकाळी हरिपाठ होत असेल तर ऐक. रोज तेच अभंग का म्हणता, असं वारकऱ्याला कुणी विचारत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांतून गायली.

आता वेळेचं. मठांत दिवसाकाठी सात-आठ वेळा प्रार्थना होत. इंग्लंडच्या आर्चबिशप क्रॅन्मरनं 1549 च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात त्यांच्या दोनच केल्या, सकाळची आणि संध्याकाळची. दीडशे स्तोत्रं तीस दिवसांत वाटून दिली. 31 तारखेला तिसाव्या दिवसाचीच पुन्हा. त्यामुळे आज काय वाचू, हा विचारच उरत नाही. तारीख बघायची आणि पान उघडायचं. 15 तारखेच्या संध्याकाळी एकटं 78वं स्तोत्र येतं, बहात्तर वचनांचं. ड्यूटीची घाई असेल तर जमेल तेवढं वाच आणि नीघ. राहिलेलं दुसऱ्या दिवशी भरून काढू नकोस. थकबाकी साठली की माणूस पुस्तकच उघडत नाही. पुढच्या महिन्यात तीच तारीख परत येणार आहे.

पाळ्या बदलतात, म्हणून प्रार्थना घड्याळाला बांधू नकोस, ड्यूटीला बांध. निघण्याआधी एक, परत येऊन हातपाय धुतल्यावर एक. फोन त्यानंतर. पुस्तक छापीलच घे. मोबाइलवर स्तोत्र उघडलं की वर मेसेज येतोच. आणि ओठ हलवून वाच, नुसत्या डोळ्यांनी नको.

तरीही मन भटकेल. रिसोडहून आलेल्या बाळंतिणीचं रक्त कमी होतं, फवारणीत विष चढलेल्या त्या शेतकऱ्याचा श्वास सकाळी कसा होता, हे सगळं स्तोत्राच्या मध्येच आठवेल. त्याला हाकलू नकोस. तिथंच थांब, त्या माणसाला नावानिशी प्रभूच्या हाती दे आणि सुटलेल्या वचनापासून पुढे वाच. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची तीच माणसं आठवली, तर त्याला व्यत्यय मी म्हणणार नाही. साडीचा सेल आठवला तर मात्र सरळ पुढे जा.

नाइटसाठी 134वं स्तोत्र पाठ कर. तीनच वचनं आहेत आणि ती रात्री परमेश्वराच्या घरात सेवेला उभं राहणाऱ्यांना उद्देशून आहेत. वाटणीप्रमाणे ते 28 तारखेच्या सकाळी येतं, पण तू प्रत्येक नाइटला निघताना म्हण. त्यामागोमाग प्रभूची प्रार्थना. ज्या दिवशी काहीच जमणार नाही, त्या दिवशी एवढं पुरे.

येत्या सोमवारपासून सुरू कर आणि दोन महिने यात काहीही वाढवू नकोस. खोलीतल्या तिघींनाही बोलाव. स्तोत्र तू वाच, पुढची प्रार्थना त्यांना त्यांच्या शब्दांत करू दे.

तुझी,
आत्या