फिरून त्याच फाटकाशी

चार वर्षं झाली, बहुतेक रविवारी सकाळी मी बाबांना घेऊन धारावी-माहीमच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जाते. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सदतीस एकरांच्या त्या रानातून सपाट, सावलीची पायवाट फिरत जाते आणि निघालो त्याच फाटकाशी आणून सोडते. तिथे जे उमगत गेलं, ते असं.

१. सोपी वाट चालायला मला शिकावं लागलं. वीस वर्षं मी सह्याद्रीत भटकले. हरिश्चंद्रगड, रतनगड, राजगड. चालायचं म्हणजे दम लागला पाहिजे आणि शेवटी माथा आला पाहिजे, हे अंगात मुरलेलं. इथे माथाच नाही. पहिल्या रविवारी मी सवयीने झपझप पुढे गेले आणि वळून बघते तर बाबा लांब मागे बाकावर. धावत परत आले. "दमलात का?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "नाही गं. तू दिसेनाशी झालीस, म्हणून बसलो." ते वाक्य मला आजही टोचतं.

२. जंगल म्हणजे जुनं, हा माझा समज बाबांनी मोडला. १९७०च्या दशकात ते सायनहून माहीमला आत्याकडे जायचे, तेव्हा इथे शहराचा कचरा पडत असे. बस या बाजूला आली की सगळे नाकाला रुमाल लावायचे. पुढे त्या कचऱ्यावर माती पसरली, रोपं लावली, आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुलं झालं. म्हणजे ज्या झाडांखाली मी मान वर करून उभी राहते, ती माझ्याहून लहान आहेत. बाबा मात्र आजही घरातून निघताना "चल, डेपोवर जाऊ" म्हणतात. कचऱ्याच्या डेपोवर.

३. थांबल्याशिवाय काहीच दिसत नाही, हे मला ओंबिलांनी दाखवलं. वाटेलगतच्या एका फांदीवर त्या तांबड्या मुंग्या घरटं बांधत होत्या. दहा-बारा जणी ओळीने उभ्या राहून एका पानाची कड जबड्यात धरून दुसऱ्या पानाकडे ओढत होत्या. जिथे फट मोठी, तिथे एकीने दुसरीची कंबर पकडून साखळी केलेली. मग आतून एक मुंगी आली, तोंडात पांढरी अळी. अळीचं तोंड तिने या पानाच्या कडेला टेकवलं, मग त्या पानाच्या, पुन्हा या. दर टेकवण्यासरशी रेशमाचा बारीक धागा मागे राहत होता. स्वतःच्या कोशासाठीचं रेशीम ती अळी घरट्यासाठी देऊन टाकते. आम्ही अर्धा तास तिथेच होतो. बाबा नाक जवळजवळ पानाला लावून बघत होते. हळूच म्हणाले, "धोटा चाललाय बघ."

४. माणूस समोर बसवून बोलत नाही, बरोबर चालताना बोलतो. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते; धोटा हा शब्द तिथलाच. १९८२च्या संपात त्यांचे साचे थांबले ते कायमचेच. त्यानंतर घरात हा विषय कधी निघाला नाही. आम्हीही काढला नाही, भीतीच वाटायची. त्या धोट्यानंतर मात्र ते बोलू लागले. तुटलेला धागा चालत्या साच्यावर कसा हेरायचा, आवाजाने कान बसले की खुणांनी कसं बोलायचं, रात्रपाळीला डबा कोणाचा कोण खायचा. दर रविवारी थोडं थोडं. नजर वाटेवर असते, उत्तर द्यायची घाई नसते, म्हणूनही असेल. हे सारं मला पन्नाशीत ऐकायला मिळालं.

५. शांतता असलीच पाहिजे असं नाही. डोक्यावरून विमानं जातात, मिठी नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचा चमकतात, ओहोटीला नदीचा वासही येतो. पावसाळ्यात डास तर विचारू नका. तरी खारफुटीकडून खंड्या ओरडला की दोघंही एकदम थांबतो.

६. जमीन काही विसरत नाही. गेल्या पावसाळ्यात एका झाडाच्या मुळाशी माती वाहून गेली होती आणि हिरवट, जाड काचेचा तुकडा वर आला होता. बाबांनी काठीने माती सारली. बाटलीचा गळा होता. गोटी अडकायची ती खाच सुद्धा शाबूत, आणि तिच्यातून एक बारीक मूळ आरपार गेलेलं. "गोटीसोडा," बाबा म्हणाले. "पाळी सुटली की प्यायचो आम्ही." बराच वेळ ते वाकून बघत राहिले. मग काठीनेच माती पुन्हा वर ओढली, पायाने दाबली आणि वर पाला पसरला. कुणा पोराच्या पायाला लागायला नको म्हणून.