आग लागली तर?

“कढईतले तेल पेटले तर काय कराल?” असे आम्ही विचारले, की पुष्कळजण म्हणतात, “पाणी ओतू!”

थांबा. तिथेच घात होतो. पाणी तेलाच्या तळाशी जाते. त्याची एका क्षणात वाफ होते. ती वाफ पेटते तेल वर उडवते. माणूस भाजतो, घरही पेटते.

मग काय करावे? आगीला जळण, हवा आणि उष्णता, तिन्ही लागतात. एक तोडले की आग मेली. म्हणून शेगडी बंद करा. बाजूने ताट सरकवून कढई झाका. कढई उचलू नका. निवेपर्यंत ताट काढू नका.

पदर पेटला तर पळू नका. पळाल्याने वारा लागतो. खाली पडा, लोळा. दुसऱ्याने जाड घोंगडी गुंडाळावी. भाजल्या जागेवर २० मिनिटे साधे गार पाणी सोडा. शाई, दंतमंजन लावू नका.

आग आवरेना, तर आधी माणसे बाहेर काढा. भांडीकुंडी राहू द्यात. १०१ किंवा ११२ वर फोन करा. गावाचे नाव, जवळची खूण सांगा.

बंब लांबून येणार. वेळ लागणारच. तोवर आपणच आपला बंब! म्हणून हा धडा आज घरी सर्वांना वाचून दाखवा.